धानाचा बोनस : क्विंटलपासून हेक्टरपर्यंत

राज्याच्या अर्थसंकल्पावर मुंबईत मार्चमध्ये खडाजंगी होते. गोंदिया जिल्ह्यात अर्थसंकल्पाचा खरा वाद पेटतो तो डिसेंबरात. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघते, त्यामागून भारी धान कापणीला येते, बांध्यांमध्ये पुंजणे उभी राहतात, मळणीयंत्रांची घरघर सुरू होते आणि त्याच दिवसांत तिकडे नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. 1953 च्या नागपूर करारातून आलेली ही प्रथा विदर्भाच्या वाट्याला काय देऊन गेली यावर मतभेद असतील. धान उत्पादकाच्या दृष्टीने मात्र तिचा एक परिणाम स्पष्ट दिसतो. सरकार नेमके धान घरात येण्याच्या वेळी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या टप्प्यात येते. मग मोर्चे निघतात, सभागृहात फलक फडकतात आणि एकच मागणी वेगवेगळ्या पक्षांच्या तोंडून दरवर्षी ऐकू येते: धानाला बोनस द्या.

शासन निर्णयात या रकमेला प्रोत्साहनपर राशी म्हणतात. आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत सगळे तिला बोनसच म्हणतात. केंद्राने ठरवलेल्या आधारभूत किमतीवर राज्याने आपल्या तिजोरीतून टाकलेली ही भर आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या भरीवरून गोंदियात जेवढे राजकारण झाले तेवढे दुसऱ्या कुठल्याही सरकारी खर्चावरून झाले नसेल. त्यावर एक खासदार गेला, एक पोटनिवडणूक फिरली, एका सरकारने बोनस बंद केला आणि दुसऱ्याने तो नव्या रूपात परत आणला. हा सगळा इतिहास सलग मांडला की दिसते, पक्षांच्या भूमिका त्यांच्या अर्थविचाराने ठरल्या नाहीत. ते सभागृहात कोणत्या बाकांवर बसले होते यावरून ठरल्या.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. खरिपात सुमारे पावणेदोन ते दोन लाख हेक्टरांवर धान लागते. वैनगंगा आणि बाघ नदीचे पाणी, इटियाडोहचे कालवे आणि मालगुजारांच्या काळापासूनचे मामा तलाव एवढ्यावर हे पीक उभे असते. कापूस आणि सोयाबीन जसे पश्चिम विदर्भाचे, तसे धान पूर्वेचे. पण कापसाला बाजार मोठा, गिऱ्हाईक अनेक. धानाला गावात एक व्यापारी आणि गावाबाहेर एक सरकारी खरेदी केंद्र. व्यापारी रोख देतो आणि भाव पाडतो. केंद्र भाव देते, पण चुकारे उशिरा देते. शेतकऱ्याची निवड या दोहोंतच असते.

ही केंद्रे कशी चालतात ते जवळून पाहिल्याशिवाय बोनसचा वाद कळत नाही. बिगर आदिवासी भागात महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले मार्केटिंग फेडरेशन, खरेदी करते. देवरीसारख्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. प्रत्यक्ष काटा लावतात ते खरेदी-विक्री संघ किंवा आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था. शेतकऱ्याने आधी सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक देऊन ऑनलाइन नोंदणी करायची. नंबर आला की धान न्यायचे. ओलावा 17 टक्क्यांच्या आत हवा. चाळणी होते, बारदाना असेल तर चाळीस किलोचे कट्टे भरले जातात. बारदाना संपला असेल तर ट्रॅक्टर दिवसचे दिवस आवारात उभा राहतो. मग हे धान राइस मिलमध्ये भरडाईला जाते आणि क्विंटलमागे 67 किलो तांदूळ सरकारला परत मिळतो. भरडाईच्या दरावरून मिलवाले अडून बसले की उचल थांबते, गोदामे तुंबतात, आणि देवरी-सालेकशाकडे उघड्यावर ताडपत्रीखाली रचलेले कट्टे अवकाळी पावसात भिजतात. भिजलेल्या कट्ट्यातून कोंब फुटतात. त्या नुकसानीचे पैसेही शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातात, पण त्यांच्यावर सभागृहात बोनसच्या दशांशानेही चर्चा होत नाही. मला ही गोष्ट फार लागते. काटकसर करायची असेल तर ती इथून सुरू व्हायला हवी होती.

बोनस ही कल्पना राज्याची नव्हे. 2007-08 च्या हंगामात केंद्रानेच साधारण धानाच्या 645 रुपयांवर 100 रुपये बोनस दिला होता. पुढच्या दोन हंगामांत 850 आणि 950 रुपयांवर 50-50 रुपये. नंतर राज्यांनी आपापली भर घालायला सुरुवात केली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2013 च्या निवडणुकीत भाजपने 300 रुपयांच्या बोनसचे वचन दिले. पण 2014 मध्ये दिल्लीत सत्तांतर झाल्यावर केंद्राने राज्यांना बजावले की आधारभूत किमतीवर बोनस दिलात तर तुमचा जादा तांदूळ केंद्रीय साठ्यात घेणार नाही. त्यामागचा हिशेब उघड होता. बोनसने खरेदी फुगते, साठा फुगतो आणि अनुदानाचा भार दिल्लीवर पडतो. जानेवारी 2015 मध्ये शांता कुमार समितीने अन्नसुरक्षेचे छत्र 67 टक्के लोकसंख्येवरून 40 टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली, तीही याच विचारातून. देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरीच आधारभूत किमतीने सरकारला माल विकतात, असे त्या अहवालात म्हटले होते. दिल्लीच्या दृष्टीने हा आकडा खर्च कपातीच्या बाजूचा पुरावा होता. धानपट्ट्यात त्याचा अर्थ उलटा लागतो. इथे सरकारी काटा नसेल तर भावच नाही.

महाराष्ट्रात त्या वर्षांत क्विंटलमागे 200 रुपयांच्या आसपास बोनस होता. राज्यात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अर्थमंत्री पूर्व विदर्भातल्याच चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार. धान म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. विरोधातली काँग्रेस आणि राष्ट्रवादी 200 रुपयांना तुटपुंजे म्हणत होती, भाजप तिजोरीकडे बोट दाखवत होता. जून 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. एकूण आकडा 34,022 कोटींचा सांगितला गेला आणि पाठोपाठ इतर खात्यांच्या खर्चाला वीस ते तीस टक्क्यांची कात्री लागली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कुठून घेतले जाते, हे त्या वर्षी गावोगावच्या रस्त्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या रखडलेल्या कामांवरून लोकांना दिसत होते.

त्याच 2017 च्या खरिपात तुडतुड्याने धान खाल्ले. लोंबीत दाणा भरायच्या वेळी हा किडा बुंध्याशी बसून रस शोषतो आणि हिरवी बांधी आठवडाभरात जळल्यासारखी होते. आधी नोटाबंदीने व्यापाऱ्याकडची रोकड आटवली होती, मग जीएसटी आला होता, आणि आता हे. भंडारा-गोंदियाचे खासदार तेव्हा भाजपचे नाना पटोले होते. 2014 मध्ये त्यांनी राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला होता. मूळचे काँग्रेसचे पटोले यांनी त्याआधीही शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पक्ष सोडला होता आणि 2009 मध्ये अपक्ष लढून पटेलांच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाची मते घेतली होती. सप्टेंबर 2017 च्या सुरुवातीला त्यांनी नागपुरात जाहीरपणे सांगितले की खासदारांच्या बैठकीत आपण शेतीतली सरकारी गुंतवणूक वाढवण्याचा मुद्दा काढला तेव्हा पंतप्रधानांना ते रुचले नाही. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने सरकारच्या खर्चाच्या धोरणावर असे उघड बोलणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. त्याच महिन्यात माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी अर्थव्यवस्थेच्या घसरणीवर लेख लिहून तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर टीका केली, आणि डिसेंबरात ते अकोल्यात शेतकऱ्यांसोबत ठिय्या देऊन बसले. त्या आंदोलनाच्या पाठोपाठ, 8 डिसेंबर 2017 रोजी, पटोले यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जानेवारीत ते काँग्रेसमध्ये परतले.

28 मे 2018 ची पोटनिवडणूक या पार्श्वभूमीवर झाली. काँग्रेसशी झालेल्या आघाडीत जागा राष्ट्रवादीला सुटली. उमेदवार मधुकर कुकडे, पूर्वी तुमसरचे भाजपचे आमदार. भाजपकडून हेमंत पटले. म्हणजे लढतीत एका बाजूला जुना भाजपवाला आणि दुसऱ्या बाजूला आताचा भाजपवाला. मतदारसंघातले पक्षांतराचे हे जाळे लक्षात घेतले की भाषणांतले अर्थशास्त्र किती पातळ होते ते उमगते. मेच्या उन्हात अनेक केंद्रांवर मतदानयंत्रांना जोडलेली व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली, 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. 31 मे रोजी निकाल लागला आणि कुकडे 48,097 मतांनी निवडून आले.

या निकालाचे श्रेय कोणी जातीच्या गणिताला दिले, कोणी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या एकीला. दोन्ही कारणे खरी होती. पण नंतर जे घडले ते पाहावे. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात जेटलींनी उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव देण्याची घोषणा केली होती. खर्च मोजताना जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज धरायचे की नाही, यावर पक्षांत आणि अर्थतज्ज्ञांत वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही. जुलैत धानाची किंमत 1,550 वरून 1,750 झाली. एका वर्षात 200 रुपयांची वाढ. आणि राज्याने 2018-19 च्या हंगामासाठी बोनस 200 वरून एकदम 500 केला. तिजोरी आदल्या वर्षीपेक्षा भरलेली नव्हती; कर्जमाफीचे हप्ते अजून चालूच होते. बदलले होते ते मतपेटीतले आकडे. 2019 च्या लोकसभेला भाजपच्या सुनील मेंढे यांनी ही जागा मोठ्या फरकाने परत जिंकली.

आणखी एक दबाव पूर्वेकडून होता. डिसेंबर 2018 मध्ये छत्तीसगडमध्ये काँग्रेस सत्तेवर आली ती धानाला क्विंटलमागे 2,500 रुपये देण्याच्या शब्दावर. देवरीहून महामार्गाने निघाले की तासाभरात राजनांदगाव जिल्हा लागतो. सालेकशाच्या पलीकडे डोंगरगड. सोयरिकी दोन्हीकडच्या. त्यामुळे तिकडच्या काट्यावरचा भाव इकडच्या चावडीवर त्याच संध्याकाळी पोहोचतो. मुंबईत बसून अर्थखात्याला कदाचित ही गोष्ट कळली नसेल, पण गोंदियातल्या प्रत्येक पुढाऱ्याला कळली होती. ‘छत्तीसगडप्रमाणे अडीच हजार’ हीच सगळ्यांची मागणी झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या महाविकास आघाडीचे सरकार आले आणि नागपूरच्या पहिल्याच अधिवेशनाच्या सुमारास 500 मध्ये 200 ची भर पडली. 1,815 अधिक 700, म्हणजे 2,515. अडीच हजारांची रेषा ओलांडली गेली. एका शेतकऱ्यासाठी मर्यादा 50 क्विंटलची.

मग करोना आला. 4 मे 2020 रोजी राज्याच्या अर्थखात्याने जो शासन निर्णय काढला तो महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत कठोर कपातीचा आदेश म्हणावा लागेल. विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री, नवी कामे बंद, नवी भरती बंद. जीएसटीच्या भरपाईची राज्याची हजारो कोटींची रक्कम केंद्राकडे थकली होती. आघाडीचे मंत्री दिल्लीकडे बोट दाखवत होते, भाजपचे नेते सरकारच्या नाकर्तेपणाकडे. आणि तरीही त्या वर्षीच्या खरिपाला 700 रुपयांचा बोनस मिळाला. 1,868 अधिक 700, म्हणजे 2,568 रुपये. धानाला इतका भाव या जिल्ह्याने त्याआधी पाहिला नव्हता. कपातीच्या वर्षी टिकलेला बोनस कपात सैल झाल्यावर, पुढच्याच वर्षी गेला, हा या इतिहासातला सर्वांत विचित्र भाग आहे.

2021-22 च्या हंगामात सरकारने बोनस दिला नाही. राष्ट्रवादीचे अर्थमंत्री अजित पवार यांची भूमिका अशी होती की क्विंटलवर दिलेला पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. व्यापारी आणि परराज्यातले धान त्याचा फायदा उचलतात. द्यायचेच तर एकरावर द्यावे. ही भूमिका न्यायाने तपासली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य होते. व्यापारी गावात पडत्या भावाने धान घेई, ओळखीच्या शेतकऱ्याचा सातबारा आणि पासबुक वापरून तेच धान केंद्रावर चढवी आणि फरक खिशात घाली. बाघ नदीपलीकडून, बालाघाटकडून येणाऱ्या धानाच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या दर हंगामात येत. ज्याचे पीक बुडाले त्याला क्विंटलच्या हिशेबाने काहीच मिळत नसे, ही त्रुटी वेगळीच.

पण जुनी पद्धत सदोष होती म्हणून नवी येईपर्यंत शेतकऱ्याने काय करायचे? त्या वर्षी 1,940 रुपये आधारभूत किंमत होती. आदल्या वर्षी हातात पडलेल्या 2,568 च्या तुलनेत क्विंटलमागे 628 रुपये कमी. 50 क्विंटल विकणाऱ्या घराचे 31,400 रुपये. खताचे, मजुरीचे, डिझेलचे दर मात्र वाढलेले. आदल्या वर्षीचा भाव गृहीत धरून ज्याने रोवणीचा खर्च केला, ट्रॅक्टरचा हप्ता ओढवून घेतला, त्याला कोणीही जूनमध्ये सांगितले नव्हते की या वर्षी बोनस नाही. सरकारला धोरण बदलण्याचा अधिकार आहे. पीक उभे राहिल्यावर, कापणी झाल्यावर ते बदलणे हा मात्र विश्वासघात होता, आणि मी तो तसाच मानतो. त्या हिवाळ्यात अधिवेशन नागपुरात नव्हते. करोना आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीच्या कारणाने ते मुंबईतच झाले. मोर्चा घेऊन जायला हजार किलोमीटर अंतर पडले.

भाजप रस्त्यावर उतरला. विधान परिषदेत गोंदिया-भंडाऱ्याचे परिणय फुके बोनसचा मुद्दा लावून धरत होते. जो पक्ष 2017 मध्ये 200 रुपयांवर थांबून तिजोरीकडे बोट दाखवत होता, त्याला आता 700 चाही पाया अपुरा वाटत होता. काँग्रेसची अडचण याहून मोठी होती. शेतीवरच्या सरकारी खर्चासाठी खासदारकी सोडणारे पटोले आता प्रदेशाध्यक्ष होते आणि बोनस बंद करणाऱ्या सरकारात त्यांचा पक्ष भागीदार होता. राष्ट्रवादीचे स्थानिक कार्यकर्ते तर आपल्याच अर्थमंत्र्याच्या निर्णयाचे समर्थन करण्याच्या पेचात सापडले होते. सरकारने मार्च 2022 च्या अर्थसंकल्पात नियमित कर्जफेड करणाऱ्यांसाठी 50 हजारांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद पुढे केली, पण ज्याने पीककर्जच घेतलेले नाही त्याला तिचा उपयोग नव्हता.

जून 2022 मध्ये सरकार पडले. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, फडणवीस उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री. डिसेंबरात दोन वर्षांच्या खंडानंतर अधिवेशन पुन्हा नागपुरात भरले आणि तिथे बोनस परत आला: हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. क्विंटल गेला, हेक्टर आला. अजित पवारांनी एकरावर द्यावे म्हटले तेव्हा ज्यांनी आंदोलने केली होती, त्यांच्याच सरकारने क्षेत्राचा हिशेब स्वीकारला. वर्षभरात अजित पवार स्वतः आपल्या गटासह, प्रफुल्ल पटेलांना बरोबर घेऊन, त्या सरकारात आले आणि पुन्हा अर्थमंत्री झाले. डिसेंबर 2023 मध्ये रक्कम 20,000 झाली. आता बोनस द्यायला नको म्हणणारे आणि द्यायलाच हवा म्हणणारे एकाच मंत्रिमंडळात होते, आणि विरोधात गेलेली काँग्रेस म्हणत होती की हे पुरेसे नाही.

एवढ्या गदारोळात एक साधा हिशेब कोणत्याच पक्षाने शेतकऱ्यापुढे मांडला नाही. ओलिताखालची एक एकर बांधी धरा, पंधरा क्विंटल उतारा देणारी. जुन्या 700 च्या दराने तिला 10,500 रुपये बोनस मिळत होता. हेक्टरी 15,000 म्हणजे एकराला 6,000. हेक्टरी 20,000 म्हणजे 8,000. एका एकराचा मालक दोन्ही वेळा तोट्यात. आता पाच एकरवाला घ्या. त्याचे पंचाहत्तर क्विंटल धान झाले तरी जुनी मर्यादा 50 ची, म्हणून 35,000. नव्या पद्धतीत दोन हेक्टरांचे आधी 30,000 आणि मग 40,000. म्हणजे 15,000 च्या वर्षी दोघेही गमावून बसले. 20,000 झाल्यावर मोठ्याने भरून काढले, लहानाने नाही. कोरडवाहू एकराची गोष्ट वेगळी. सहा क्विंटलच उतारा आला तर जुन्या पद्धतीत 4,200 मिळाले असते, नव्यात 6,000 किंवा 8,000. दुष्काळात, तुडतुड्यात, अवकाळीत हेक्टरचा हिशेब आधार देतो. याचा अर्थ असा की हेक्टरी बोनस हा भाव उरला नाही. तो पीक विम्यासारखा झाला. हे चांगले की वाईट यावर जिल्ह्यात खुली चर्चा व्हायला हवी होती. झाली ती फक्त रकमेच्या आकड्यावर.

नव्या पद्धतीत केंद्रावर नोंदणी पुरेशी होती. प्रत्यक्ष धान विकले असो वा नसो. त्यामुळे घाईच्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याला धान देऊनही बोनस मिळाला, ही तिची चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की आता धान नाही तर सातबारा मोजला जाऊ लागला. ज्या जमिनीवर धान नव्हतेच तिच्या नावावरही नोंदण्या झाल्याच्या तक्रारी आल्या. बाहेरचे धान रोखण्यासाठी आणलेल्या पद्धतीत आता कागदावरचे धान शिरले. मग पडताळण्या लागल्या आणि पडताळणीच्या नावाखाली खऱ्या शेतकऱ्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकले.

सगळ्यात मोठा तोटा झाला तो अधियाने किंवा ठेक्याने शेती करणाऱ्याचा. शहरात नोकरीला असलेल्या मालकाची बांधी कसणारा, पऱ्हे टाकण्यापासून चुरण्यापर्यंत सगळे करणारा माणूस सातबाऱ्यावर नसतो. क्विंटलच्या काळात मालकाशी समजूत असेल तर निदान विकलेल्या धानाबरोबर बोनसचा वाटा मागता येत होता. हेक्टरी पैसा थेट मालकाच्या खात्यात जातो. जिल्ह्यात अशी किती कुटुंबे आहेत याची नोंद शासनाकडे नाही, कारण त्यांचा करार तोंडी असतो. त्यामुळे एकाही पक्षाच्या मागणीपत्रात ती आली नाहीत.

छत्तीसगडची स्पर्धा तोवर आणखी वाढली होती. 2020 पासून तिथल्या काँग्रेस सरकारने केंद्राचा आक्षेप टाळण्यासाठी राजीव गांधी किसान न्याय योजनेतून एकराच्या हिशेबाने पैसे दिले होते. 2023 च्या निवडणुकीत भाजपने 3,100 रुपये क्विंटल आणि एकरी 21 क्विंटल खरेदीचे वचन दिले आणि सत्ता मिळवली. त्या हंगामात महाराष्ट्रात आधारभूत किंमत 2,183. एकरी पंधरा क्विंटलच्या उताऱ्याने 8,000 रुपयांचा बोनस क्विंटलमागे 533 पडतो. बेरीज 2,716. सीमेपलीकडे 3,100. दोन्ही राज्यांत भाजप सत्तेत आणि दिल्लीतही तोच. 2014 मध्ये राज्यांना बोनसवरून दटावणारा पक्ष 2023 मध्ये बोनसच्याच बळावर निवडणूक जिंकत होता. 2024 च्या लोकसभेला भंडारा-गोंदियात काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले, आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव या जिल्ह्यातल्या चारही जागा भाजप, शिंदे आणि अजित पवार यांच्या महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात महिलांसाठीच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये घरोघरी पोहोचले होते.

त्या योजनेने राज्याच्या खर्चाचा तोल बदलला. तिच्यासाठी वर्षाला 46,000 कोटींचा खर्च सांगितला गेला होता. जानेवारी 2025 मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी तिचा भार तिजोरीवर पडतो आणि त्यामुळे कर्जमाफीला विलंब होतो, असे मोकळेपणाने सांगितले. मार्चअखेरीस अजित पवारांनी शेतकऱ्यांना पीककर्ज भरून टाकण्याचा सल्ला दिला. निवडणुकीतल्या कर्जमाफीच्या आश्वासनाची आठवण विरोधकांनी करून दिली तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर होते ते परिस्थितीचे. धानाचा बोनस 2024-25 साठी 20,000 वरच राहिला. गोंदियातल्या एकाच घरात बाईच्या खात्यात महिन्याला पंधराशे येतात आणि बापाच्या खात्यात बोनस वेळेवर येत नाही, अशा अवस्थेत कोणत्या खर्चाला कात्री लावायची हा प्रश्न त्या घराने मिटवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो मंत्रिमंडळाने मिटवायचा असतो, आणि वेळेवर मिटवायचा असतो.

या वेळेच्या बाबतीत केंद्राची रीत निदान सरळ आहे. 28 मे 2025 रोजी, मृग लागण्याआधी, 2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाची किंमत 2,369 रुपये जाहीर झाली. ती कमी वाटो की जास्त, पऱ्हे टाकणाऱ्याला आपला हिशेब करता आला. त्या दिवशी राज्याचा हेक्टरी आकडा त्याच्यापाशी नव्हता. मार्चच्या अर्थसंकल्पात धान बोनसचे स्वतंत्र लेखाशीर्ष, रक्कम, हेक्टर की क्विंटल याचा निर्णय आणि अधियाने कसणाऱ्याच्या नोंदीची सोय, एवढे मांडले तर वाद मार्चमध्ये होईल आणि सभागृहात होईल. त्यात हरणाऱ्यालाही रोवणीच्या आधी कळेल की आपण हरलो आहोत.